लिफ्ट मागायची जागा कशी सरकत गेली

1920च्या दशकात अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि अंगठा दाखवून लिफ्ट मागणं रुळलं. तेव्हा जागेची फारशी चिकित्सा लागत नसे. रस्ते अरुंद, गाड्या संथ, त्यामुळे गावाबाहेर कुठेही उभं राहिलं तरी चालायचं. 1930च्या मंदीत कामधंद्याच्या शोधात निघालेले लोक आणि पुढे महायुद्धातले सैनिक असेच फिरले. पेट्रोलच्या रेशनिंगच्या दिवसांत तर एकट्याने गाडी चालवणारा हिटलरला शेजारी बसवून नेतो, अशी पोस्टरं खुद्द अमेरिकी सरकारने लावली होती.

वाढत्या वेगाने हे सगळं पालटलं. ताशी 100 किमीने धावणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. कडेला कुणी दिसलं, घ्यावं की नाही ते ठरवलं, आरशात बघितलं, एवढ्यात पाच सेकंद गेले तरी गाडी 140 मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागायचा तो त्यानंतर. म्हणून गाडी मुळातच मंदावलेली हवी, आपण लांबून दिसायला हवं आणि पुढे गाडी कडेला घ्यायला ऐसपैस जागा हवी. नवखे हमखास विसरतात ती शेवटची गोष्ट. कठड्याला चिकटून किंवा वळणाच्या आड उभं राहणाऱ्यासाठी चालकाच्या मनात असूनही थांबता येत नाही.

अमेरिकेत 1956च्या कायद्यानंतर इंटरस्टेट महामार्गांचं जाळं पसरलं, ब्रिटनमध्ये 1959 साली एम-1 हा द्रुतगती मार्ग सुरू झाला. अशा रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी पायी जायला मनाई आली. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातही द्रुतगती मार्गांसाठी हाच नियम आहे. मग लिफ्टवाले महामार्गावर चढणाऱ्या रॅम्पच्या तोंडाशी सरकले आणि तिथून विश्रांतीथांब्यांवरच्या पेट्रोल पंपांवर. माझ्या मते पंपाला तोड नाही. चालक खाली उतरलेला असतो, चार शब्द बोलता येतात, नंबरप्लेटवरून गाडी कुठली ते कळतं आणि माणूस ठीक वाटला नाही तर आपणच नको म्हणू शकतो.

शीतयुद्धाने घडवलेली जागा म्हणजे पूर्व जर्मनीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनच्या कडेचं ड्राइलिंडेन. तिथल्या तपासणी नाक्यावर प्रत्येक गाडीला मंदावावंच लागे. पुढे पूर्व जर्मनीतून जाताना ठरलेला ट्रान्झिट मार्ग सोडायला परवानगी नव्हती, त्यामुळे एकदा लिफ्ट मिळाली की थेट पश्चिम जर्मनीच गाठायची.

काही देशांत सरकारनेच यात हात घातला. पोलंडमध्ये 1950च्या दशकाच्या अखेरीस लिफ्टवाल्यांसाठी कुपनांची वही निघाली. चालकाला कुपनं मिळत आणि ती जमवून बक्षिसाच्या सोडतीत भाग घेता येई. नेदरलँड्समध्ये अंगठ्याचं चित्र असलेले फलक लावून अधिकृत जागा नेमल्या गेल्या. तिथे 1991 मध्ये विद्यार्थ्यांना सार्वजनिक वाहतुकीचा पास मिळाला आणि गर्दी ओसरली. क्युबात 1990च्या दशकात इंधन आटल्यावर पिवळ्या गणवेशातले कर्मचारी ठरलेल्या थांब्यांवर सरकारी गाड्या अडवून रिकाम्या जागांवर लोकांना बसवू लागले.

वॉशिंग्टनजवळच्या उत्तर व्हर्जिनियात मात्र 1970च्या दशकात प्रवाशांनी आपापसांतच सोय लावली. शर्ली महामार्गाच्या राखीव लेनमध्ये शिरायला गाडीत पुरेशी माणसं लागत. म्हणून चालकच बसथांब्यांपाशी आणि पार्किंगच्या जागी येऊन अनोळखी माणसं उचलू लागले. पैसे कुणी मागत नाही, देतही नाही, आणि प्रवाशाने आपणहून गप्पा सुरू करायच्या नाहीत असा तिथला रिवाज आहे.