हिरवा पानकोळी (अरॅनियस मिटिफिकस)

गोल जाळं विणणाऱ्या अरॅनिडी कुळातला छोटा कोळी. मादी फार तर १ सेंमी, नर त्याहून बारीक. पाय फिक्के हिरवे, पोट हिरवट पांढरं आणि त्याच्या पुढच्या भागावर मिशीसारखी काळी नक्षी, ती एकदा बघितली की पुन्हा चुकत नाही. भारतापासून फिलिपिन्स, न्यू गिनीपर्यंत सापडतो.

नावाचा इतिहास जरा गुंत्याचा आहे. फ्रेंच अभ्यासक सिमोननं १८८६ मध्ये एपेइरा मिटिफिका म्हणून वर्णन केलं, पुढे ही जात अरॅनियस वंशात (जातींच्या गटात) गेली म्हणून आता 'सिमोन, १८८६' कंसात लिहितात. अरॅनियस हे वंशनाव स्वीडनच्या क्लर्कचं, १७५७ सालचं. आता प्राण्यांची शास्त्रीय नावं स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात, मग वर्षभर आधीचं नाव चाललं कसं, तर नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत क्लर्कच्या कोळ्यांना खास सूट दिलीय. पण हा वंश म्हणजे मोठी खिचडी झालीय, एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या बऱ्याच जाती त्यात कोंबल्यात, त्यामुळे त्याची फोड व्हायला पाहिजे हे म्हणणं जास्त पटतं.

दिवसा मादी दुमडलेल्या पानात लपते, पानाच्या कडा रेशमानं शिवलेल्या असतात. जाळ्याच्या मध्यापासून पानापर्यंत एक धागा ताणलेला असतो, किडा अडकला की तो हलतो आणि मादी धावत येते. जाळ्याचे आरे कोरडे, फक्त गोल फिरणारा धागा चिकट, त्यावर डिंकाचे बारीक थेंब असतात. चोपड्याकडच्या एका लिंबाच्या बागेत सकाळी उन्हाकडे तोंड करून बघितलं तेव्हा हे थेंब मण्यांसारखे ओळीनं दिसले, मग धागा धरून वर गेलो तर पानाच्या फटीतून हिरवे पाय बाहेर आलेले.

खानदेशात दुमडलेलं पान दिसलं की अळी समजून फवारणी होते. उघडून बघावं: नागअळीच्या पानावर नागमोडी चंदेरी रेघा असतात, पान गुंडाळणाऱ्या अळीनं आतून खाल्लेलं असतं आणि लेंड्या पडलेल्या असतात. कोळ्याचं पान शाबूत, आत नुसतं पांढरं रेशीम. हा पान खात नाही, उडते बारीक किडे खातो आणि माणसाला त्याच्यापासून धोका नाही. असं पान निघालं तर तोडू नये.