रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५००: ॲल्युमिनियमची नाहक भीती

साताऱ्याकडच्या निवृत्त फौजी मंडळींत आणि सांगली-मिरजेच्या हौशी नेमबाजांत पंप-ॲक्शनचा, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायच्या बंदुकांचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘रेमिंग्टन पोलादी, मॉसबर्ग ॲल्युमिनियमची, म्हणून रेमिंग्टन मजबूत.’ यातला पूर्वार्ध रिसीव्हरपुरता, म्हणजे बाहेरच्या कवचापुरता, खरा आहे आणि उत्तरार्ध सपशेल चुकीचा आहे.

या गैरसमजाचे मूळ घरातल्या बारा बोअरच्या दुनाळीत आहे. तिची रचना वाचकांना सांगायला नको. नळ्या खाली झुकवून काडतुसे भरायची आणि बार उडाला की काडतुसाच्या बुडाचा धक्का मागच्या पोलादी अंगावरच यायचा. तिथे मऊ धातू असता तर बंदूक लवकरच खिळखिळी झाली असती, यात शंका नाही. हाच न्याय लोक पंप-ॲक्शनला लावतात आणि तिथेच फसतात. ८७० असो वा ५००, मूठ पुढे सरकवली की काडतुसामागे सरकणाऱ्या बोल्टमधला पोलादी अडसर वर उचलला जातो आणि नळीच्याच मागे वाढवलेल्या पोलादी भागाच्या खाचेत अडकतो. अमेरिकी मानकानुसार पावणेतीन इंची काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला ११,५०० पौंड असतो. त्या दाबाने बोल्टला मागे ढकलणारा जोर नळी, खाच आणि अडसर या पोलादाच्या साखळीतच पेलला जातो. बाहेरचा रिसीव्हर हे सुटे भाग जागेवर धरणारे कवच आहे, त्यामुळे तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असला तरी चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या भागाचा, दाब त्याला सोसावा लागत नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने ८७० वापरली, तर तिथल्या भूदलाने मॉसबर्ग ५०० घेतली; दोन्हींची विक्री एक कोटीच्या पुढे गेली आहे. ‘फुटेल’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

धातूचा फरक पडतो तो वजनात आणि गंजात. मॉसबर्ग हलकी, म्हणून तिचा खांद्याला बसणारा धक्का किंचित जास्त. पाटण-जावळीच्या पावसात तिचा रिसीव्हर गंजत नाही. नळी मात्र दोन्हींची पोलादी असल्याने तेलाचे फडके कुणालाच चुकत नाही.

निवड ठरावी ती सेफ्टीच्या, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून चाप अडवणाऱ्या कळीच्या, जागेवरून. ८७० मध्ये ती चापामागे आडवे दाबायचे बटण आहे. ५०० मध्ये ती रिसीव्हरच्या वरच्या अंगाला, मागच्या टोकाशी, अंगठ्याखाली येते. बहुतेक दुनाळ्यांची सेफ्टीही तिथेच असते, म्हणून दुनाळीवर हात बसलेल्याने आणि विशेषतः डावखुऱ्याने मॉसबर्ग घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. बंद झालेली मूठ सोडवणारी कळही ५०० मध्ये चापाच्या कडीमागे असते आणि बोटाला सहज सापडते. ८७० मध्ये ती कडीच्या पुढे आहे. दस्त्याऐवजी पिस्तुली मूठ लावणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी, कारण वरच्या सेफ्टीसाठी त्यांना अंगठा मुठीवरून उचलावा लागतो. त्यांनी ८७० घ्यावी. अशी मूठ लावण्याची हौस मला पटत नाही, पण तो वेगळा विषय झाला.

काडतूस ओढून काढणाऱ्या नख्या ८७० ला एक आणि ५०० ला दोन, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पंप ओढल्याच्या नुसत्या आवाजाने चोर पळतो, या समजुतीवर तर नकोच.

सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे जुनी परदेशी बंदूक असो वा देशी पंप-ॲक्शन, विक्रेत्याकडे ती रिकामी असल्याची मॅगझिन आणि चेंबर दोन्ही पाहून खात्री करावी, खांद्याला लावून अंगठा आणि बोट कुठे पोचते ते तपासावे, आणि नळी उतरवून त्या खाचेच्या कडा झिजलेल्या नाहीत ना, हे उजेडात पाहावे. रिसीव्हर कोणत्या धातूचा, हे त्यानंतर विचारले तरी चालेल.