रोहित पक्ष्याचा गुडघा आणि संगणकाचे गणित

हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ठाण्याच्या खाडीत मुक्काम करणारा रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, संगणकावर चालवून दाखवायचा असेल, तर सर्वांत आधी त्याच्या हाडांचा विचार करावा लागतो. ऐरोलीहून बोटीने खाडीत गेल्यावर त्याचा जो गुडघा उलटा वाकताना दिसतो, तो वास्तविक घोटा असतो. खरा गुडघा बराच वर, पोटालगतच्या पिसांत दडलेला असतो. त्रिमितीय प्रतिकृतीच्या आत बसवल्या जाणाऱ्या सांगाड्यात, ज्याला ॲनिमेशनच्या व्यवसायात रिग म्हणतात, हा सांधा चुकीच्या जागी पडला, तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

सांगाडा बसवल्यावर त्वचेचा कोणता बिंदू कोणत्या हाडाबरोबर किती प्रमाणात हलेल, हे ठरवावे लागते. मग पंजा चिखलात रोवला की वरचे सांधे किती अंशांत वाकतील, याचा हिशेब ‘इन्व्हर्स कायनेमॅटिक्स’ या पद्धतीने संगणक करतो. मात्र पंजाच्या त्याच जागेसाठी घोटा पुढेही वाकू शकतो आणि मागेही. गणिताला दोन्ही उत्तरे सारखीच मान्य असल्यामुळे योग्य दिशा माणसालाच नेमून द्यावी लागते.

त्यानंतर येते वेळेचे नियोजन, आणि माझ्या मते खरी कसोटी इथेच लागते. चित्रपटात सेकंदाला साधारणपणे 24 चौकटी असतात. पाय टेकला, भार आला, दुसरा पाय पुढे निघाला, अशा महत्त्वाच्या स्थिती कलाकार ठरवतो. त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधल्या चौकटी संगणक भरतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीस या तंत्राचा पाया घातला.

पण भरलेली चौकट खरी वाटेलच, असे नाही. चोचीवरून पाण्याचा थेंब पडतो, तेव्हा त्याचा वेग सतत वाढत असतो आणि समान कालखंडांत तो कापत असलेली अंतरे 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढत जातात. आपण केवळ वरची आणि खालची अशा दोनच स्थिती दिल्या, तर बहुतेक सॉफ्टवेअर दोन्ही टोकांना वेग हळुवार करते आणि थेंब पाण्यावर अलगद टेकल्यासारखा दिसतो. हालचाल वेळेनुसार वक्ररेषेच्या रूपात दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये त्या वक्ररेषेचे खालचे टोक तीव्र उताराचे केले की थेंबाला वजन येते. पक्ष्याने टाकलेल्या पावलालाही हाच न्याय लागू पडतो.

माणसाच्या हालचाली अंगावर खुणा लावून थेट टिपता येतात. खाडीतल्या रोहिताला तसा पोशाख कोण चढवणार? त्यामुळे त्याचे चित्रीकरण चौकटीगणिक थांबवून पाहणे आणि कोणते पाऊल कितव्या चौकटीला टेकते याची नोंद आधी कागदावर करणे, हाच मार्ग उरतो.