हाफ, सेंटर हाफ आणि मिडफिल्डर : पार्श्वभूमी

"हाफले कोन हाय बे?" हा प्रश्न आमच्याकडच्या, विदर्भातल्या फुटबॉल मैदानांवर अजूनही ऐकू येतो. मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत खेळणारा, हा शब्द टीव्हीवरून आला आणि पोरांच्या तोंडी बसला. त्यांना शिकवणारे जुने खेळाडू मात्र 'हाफ'च म्हणतात. इथल्या मुलाला व्यावसायिक मिडफिल्डर व्हायचं असेल, तर त्याची पहिली अडचण या शब्दातच आहे.

नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ची. फुटबॉल तिथे पुढे असा रुजला की कामठीचं नाव आजही त्याच खेळासाठी घेतलं जातं. खेळ आला तेव्हाची मांडणी २-३-५ होती: दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. तिघांतला मधला तो सेंटर हाफ. बचाव आणि चढाई दोन्ही त्याच्या पायातून जायचं, म्हणजे आजच्या भाषेत तो अस्सल मिडफिल्डर. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. पास दिला जाताना फॉरवर्ड आणि गोलरेषेच्या मध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं आणि गोल वाढले. ते थोपवायला इंग्लंडमधल्या संघांनी सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मधोमध उभं केलं. काम स्टॉपरचं, म्हणजे मागे राहून चढाई अडवणाऱ्याचं झालं, नाव मात्र सेंटर हाफच राहिलं. अर्जेंटिनात उलट घडलं. तिथे ५ नंबर, म्हणजे सेंटर हाफ, मधल्या फळीतच राहिला आणि आजही 'पाच' म्हटलं की मिडफिल्डरच समजतात. त्याच काळात पुढच्या पाचांतले 'राइट इन' आणि 'लेफ्ट इन', म्हणजे ८ आणि १० नंबर, खाली उतरले. म्हणून आजचा मिडफिल्डर अर्धा हाफचा वंशज आणि अर्धा 'इन'चा.

हा घोळ पुस्तकी वाटेल, पण ट्रायलच्या दिवशी तो मुलाच्या अंगावर येतो. गावात ज्याला सेंटर हाफ म्हणतात तो पोरगा फॉर्मवर तेच लिहितो. निवड करणारा त्याला स्टॉपर समजून मागे उभा करतो आणि उंची बघतो. चेंडू घेण्याआधी मान वळवून मैदान पाहण्याची त्याची सवय तिथे कुणाला दिसतच नाही. माझ्या मते गुणी पोरं वाया जाण्याचं हे एक खरं कारण आहे, आणि ते एका शब्दाने टाळता येण्यासारखं आहे.

त्यात आमच्याकडचे बहुतेक सामने सात-सातचे, तेही दिवाळीनंतर, काळी माती वाळून मैदानाला भेगा पडल्यावर. अशा जमिनीवर चेंडू सरळ घरंगळत नाही, म्हणून मागून उचलून थेट पुढे मारतात. मधल्या माणसाच्या वाट्याला फक्त धावणं येतं.

राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, २००७ पासून तिच्या जागी आय-लीग आली. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली आणि पैसा आला. पण पहिली तीन वर्षं अकरांत सहा परदेशी खेळाडू चालायचे, आणि क्लब त्यांना नेमके मधल्या कण्यात बसवायचे: स्टॉपर, मिडफिल्डर, सेंटर फॉरवर्ड. भारतीय पोरांना कडेच्या जागा उरल्या. त्या वर्षांत मिडफिल्डर म्हणून घडलेल्या अनेकांना विंगला किंवा साइड बॅकला खेळावं लागलं. मर्यादा २०१७-१८ला पाचवर आणि २०२१-२२ला चारवर आली, तेव्हा कुठे मध्ये जागा झाली. हे उशिराच झालं.

घरातला वाद वेगळाच असतो: नोकरी की क्लबचा करार. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, शिवाय रेल्वे आणि पोलिसांचे संघ आहेत. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या बापाला महिन्याचा बांधलेला पगार कळतो, एका हंगामाचा करार कळत नाही. गुडघा गेला तर करार संपतो, नोकरी राहते. पण क्लबच्या रोजच्या सरावात जो वेग अंगात भिनतो, तो खात्याच्या संघात मिळणं कठीण, आणि मिडफिल्डरला विशी-बाविशीत तो मिळाला नाही तर पुढे मिळत नाही.

जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी आयएसएलचा हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवलं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही रोखले. करार धरून बसलेल्या पोरांच्या घरी त्या पावसाळ्यात पोलीस भरतीच्या जाहिराती पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या.