चालती गाडी बंद पडते तेव्हा: दोष सुट्या भागात की सांध्यात?

चालत्या गाडीचे इंजिन कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते, दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारताच ते मुकाट्याने सुरू होते, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर मेकॅनिकला त्यात काहीच सापडत नाही. गोव्यात सात-आठ आसनांची कौटुंबिक गाडी काही वर्षे वापरलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. यांत्रिक बिघाड सहसा असा वागत नाही. तुटलेला टायमिंग बेल्ट पंधरा मिनिटांनी आपोआप जुळत नाही. येऊन-जाऊन असणारा दोष बहुतेक वेळा विजेचा असतो. त्याच्या शोधात आधी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज निर्माण करणारा भाग), मग पेट्रोलचा पंप असे एकेक महागडे भाग बदलले जातात, आणि खरा दोष मात्र दोन धातू एकमेकांना टेकतात अशा एखाद्या स्वस्त, दुर्लक्षित सांध्यात तसाच राहतो.

जुन्या पिढीच्या अनेक डिझेल गाड्यांमध्ये इंधनाचा पंप इंजिनाच्याच दात्यांवर फिरत असे, त्यामुळे एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची गरज फार थोडी होती. आजच्या पेट्रोल गाडीत परिस्थिती उलटी आहे. टाकीतला पंप विजेवर चालतो, इंजेक्टर विजेने उघडतात, ठिणगी विजेची असते, आणि हे सारे कधी घडावे हे ठरवणारा इसीएम हा छोटा संगणकही विजेवरच जगतो. या साखळीतील एक कडी क्षणभर निसटली, तरी इंजिन बंद पडते.

गाडीतील शिशाच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे 2.1 व्होल्ट देते, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर हा आकडा साधारण 13.8 ते 14.4 पर्यंत नेतो. इंजिन चालू असूनही मीटर 12.5 दाखवून खाली सरकू लागला, तर अल्टरनेटर, त्याचा रेग्युलेटर, झिजलेले कार्बन ब्रश किंवा त्याची जोडणी यांपैकी कुठेतरी बिघाड आहे आणि गाडी बॅटरीच्या शिलकीवर चालली आहे, हे निश्चित समजावे. अशी गाडी एकदम बंद पडत नाही. आधी दिवे मंदावतात आणि पॅनेलवर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो. हे सोपे प्रकरण आहे. अवघड प्रकरण ते, ज्यात बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही निरोगी असतात आणि तरीही वीज पोहोचायला हवी तिथे पोहोचत नाही.

ओहमचा नियम (प्रवाह गुणिले रोध म्हणजे तिथे खर्ची पडणारे व्होल्ट) इथे उपयोगी पडतो. पेट्रोलचा पंप साधारण 5 अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. त्याच्या वाटेवरच्या एखाद्या कपलरमध्ये (वायरींची टोके पिनांनी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात) गंजामुळे केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर 5 गुणिले 0.5 म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि पंपाला 14 ऐवजी साडेअकरा व्होल्ट मिळतात. पंप फिरतो, पण मंद. चढावर इंधनाचा दाब अपुरा पडतो आणि इंजिन गचके खाऊ लागते. शिवाय त्या अडीच व्होल्टांची उष्णता होते. त्या चिमुकल्या पिनेवर साडेबारा वॉट उष्णता सतत निर्माण होत राहिली, तर तिची स्प्रिंग ढिली पडते, गंज वेगाने वाढतो, रोध आणखी चढतो आणि शेवटी प्लॅस्टिकचे आवरण वितळून तपकिरी होते. गाडी थांबून सांधा थंड झाला की धातू पुन्हा जेमतेम टेकतात आणि गाडी सुरू होते. पंधरा मिनिटांच्या त्या रहस्याचे एक उत्तर हे आहे.

असे सांधे गोव्यात लवकर का बिघडतात, याचे कारण मिठाच्या एका गुणधर्मात आहे. फुटणाऱ्या लाटांतून उडालेले खारे सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात. कळंगुट, कोलवा किंवा मोरजीच्या किनाऱ्याजवळ त्यांचे प्रमाण मोठे असते आणि आतल्या भागात ते झपाट्याने कमी होते. थेंब सुकले की बारीक मीठ मागे राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली, की हेच मीठ हवेतली वाफ शोषून स्वतःच त्यात विरघळते आणि पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसचे दिवस आणि एरवीही अनेक रात्री-पहाटे आर्द्रता या मर्यादेच्या वर असते. म्हणजे गाडीवर पावसाचा थेंबही न पडता बॉनेटखालचे सांधे खाऱ्या पाण्याने ओले राहू शकतात. गाडीच्या टपावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो, पण बॉनेटखाली साचलेले मीठ धुणारे कोणी नसते, म्हणून अंगणातील छपराखाली जपून ठेवलेली गाडी या बाबतीत सुरक्षित असेलच असे नाही.

त्या खाऱ्या थरात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले, की तिथे एक लहानसा विद्युत-घट तयार होतो. बॅटरीच्या ऋण टोकाकडून निघालेली जाड अर्थिंगची पट्टी जिथे बोल्टने गाडीच्या पत्र्यावर आवळलेली असते, ती जागा याचा नमुना आहे. तांब्यापेक्षा लोखंड आणि त्यावरचे जस्त विद्युत-रासायनिक दृष्ट्या अधिक क्रियाशील, म्हणून तांबे टिकते आणि त्याच्याखालचा पत्रा विरघळतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, पण खाली गंजाचा थर असतो, आणि गंज वीज नीट वाहू देत नाही. या अर्थिंगवर गाडीतील जवळजवळ प्रत्येक उपकरणाचा परतीचा मार्ग अवलंबून असल्याने तिचा दोष चमत्कारिक रूपे घेतो: ब्रेक दाबला की पॅनेलचे काटे हलतात, हेडलाइट लावले की इंजिनाचा आवाज बदलतो, वळणाचा दिवा लावला की दुसराच दिवा मिणमिणतो. अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या तक्रारी एकाच वेळी दिसू लागल्या, तर मी सर्वात आधी अर्थिंग तपासण्याचा आग्रह धरीन.

सांध्यांचा दुसरा शत्रू म्हणजे कंप. कपलरच्या पिनांवर कथिलाचा मुलामा असतो. इंजिनाच्या थरथरीने पिना एकमेकींवर मिलिमीटरच्या हजारांश भागांनी घासत राहतात, दर घासणीत कथिलाचा ताजा थर उघडा पडून त्याचे ऑक्साइड बनते, आणि ही काळी पूड साचत जाऊन वाहक पृष्ठभागांच्या मध्ये येते. कपलर काढून पुन्हा बसवला की पूड बाजूला सरते आणि दोष काही आठवडे नाहीसा होतो. नवा भाग बसवल्यावर गाडी सुधारली असे आपल्याला वाटते, तेव्हा पुष्कळदा सुधारणा नव्या भागाने नव्हे, तर तो बसवताना कपलर हलवल्याने झालेली असते. महिन्याभराने तीच तक्रार परत येते ती यामुळे.

आता चोर्ला किंवा अनमोड घाट चढून आलेल्या गाडीकडे वळू. चढ संपल्यावर चहासाठी थांबलो, आणि परत आल्यावर सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पकडतच नाही. इथे संशय क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरवर जातो. क्रँकशाफ्टला एक दातेरी चक्र असते; अनेक गाड्यांत साठ दात्यांच्या जागा आणि त्यांतले दोन दाते मुद्दाम वगळलेले, अशी त्याची रचना असते. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर या चक्राचे सेकंदाला सुमारे 770 दाते सेन्सरसमोरून जातात, आणि त्या ठोक्यांवरून इसीएमला दट्ट्या (पिस्टन) नेमका कुठे आहे ते कळते. ठोके थांबले, की इंजिनच थांबले असे समजून इसीएम ठिणगी, इंजेक्टर आणि पंपाचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) तिन्ही बंद करतो. सेन्सरच्या एका प्रकारात केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्या तारेला किंवा तिच्या डाकाला तडा गेला, तर गार असताना टोके टेकलेली राहतात आणि तापल्यावर प्लॅस्टिक प्रसरण पावून ती सुटतात. इंजिन बंद केल्यावर कूलंट फिरायचे थांबते, त्यामुळे इंजिनाभोवतीचे तापमान काही काळ उलट वाढते. चहाच्या वेळात दोष उपटतो तो म्हणून. तापमानाबरोबर तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, तेव्हा 30 अंशांवरून 110 अंशांवर जाताना वेटोळ्याचा रोध तीसएक टक्क्यांनी वाढणे स्वाभाविक आहे. मीटरवर तो एकाएकी अनंत दिसू लागला, तर मात्र तार तुटली आहे. ही चाचणी गाडी तापलेली असतानाच घ्यावी लागते, आणि नेमकी तीच वेळ साधली जात नाही, कारण गॅरेजपर्यंत पोहोचेपर्यंत गाडी गार झालेली असते.

इग्निशन स्विचचा दोष त्या मानाने विरळ, पण अधिक घातक असतो. 2014 मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने 2007 ते 2009 या काळातील सुमारे सात लाख गाड्या, त्यांत डॉज ग्रँड कॅरव्हॅन आणि टाउन अँड कंट्री या कौटुंबिक व्हॅन प्रामुख्याने, परत मागवल्या, कारण धावत्या गाडीतही चावी ‘रन’वरून ‘अॅक्सेसरी’वर सरकू शकत होती. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांतील अशाच दोषाचे प्रकरण उघडकीस आले. त्या कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. चावी सरकली की इंजिन बंद होते, स्टिअरिंग आणि ब्रेक यांची मदत जाते आणि एअरबॅगही निकामी होऊ शकते. चावी फिरवून सुरू होणाऱ्या गाडीच्या जुडग्यात घराच्या, दुकानाच्या आणि कपाटाच्या चाव्या लटकवू नयेत. झिजलेल्या स्विचला एवढे वजन आणि खड्ड्यातला एक दणका पुरेसा असतो.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, तर ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागात) साठलेली निर्वात पोकळी एक-दोन वेळा दाबण्यापुरती उरते. म्हणून पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच, जोराने आणि सलग दाबावे. स्टिअरिंग जड होईल, पण फिरेल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप लागते. झुआरीच्या पुलावर किंवा घाटाच्या वळणावर ही माहिती आधीपासून असणे जीव वाचवू शकते.

दोष शोधण्याची खरी पद्धत म्हणजे प्रवाह वाहत असताना व्होल्ट मोजणे. मल्टिमीटरची ‘बीप’ चाचणी (तार अखंड असल्यास आवाज देणारी) इथे फसवते, कारण ती अत्यल्प प्रवाहाने केली जाते. जाड केबलमधील एकच धागा शाबूत असला, तरी मीटर बीप देतो. त्याच केबलमधून सेल्फचे 150 अँपिअर नेऊ पाहिले, तर ती हार मानते. अर्थिंगच्या वाटेवर केवळ 0.01 ओहम रोध असला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट गळतात, आणि इतका लहान रोध साध्या मीटरवर ओळखूही येत नाही. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थिंग उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी सोडून साफ करणे भाग आहे.

दोन सवयी मात्र सोडायला हव्यात. टेस्ट लॅम्पच्या सुईने वायरचे आवरण टोचून पाहिले, की त्या छिद्रातून खारे पाणी आत शिरते, केशाकर्षणाने धाग्यांमधून दूरवर पसरते आणि वायर आतून हिरवी पडते. आणि अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढण्याची जुनी रीत आजच्या गाडीत अंगाशी येते. बॅटरीचा आधार गेल्याने विद्युतदाब क्षणार्धात कित्येक पटींनी उसळून इसीएम जळू शकतो.

सांध्याची दुरुस्ती करताना आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढावे, पट्टीखालचा गंज पत्रा चकाकेपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावून हवा आणि पाणी दोन्ही बाहेर ठेवावीत. कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन त्यांच्या रबरी कडा शाबूत आहेत का ते पाहावे. तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळणे गोव्याच्या हवेत टिकत नाही, तिला क्रिम्प करून (टोके धातूच्या नळीत दाबून बसवून) वर गोंद असलेली, तापवल्यावर आक्रसणारी नळी चढवावी. मग सेल्फ मारताना मीटर पुन्हा लावावा आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी, तारखेसह, गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर रोध किती वाढला हे ताडून पाहता येईल.