हार्डटेलची फ्रेम: तयार घ्यावी की मापाने बनवून घ्यावी?

दुकानात आलेला माणूस आधी भिंतीवर टांगलेल्या माउंटन बाइकच्या तयार फ्रेम पाहतो. मग मागच्या शेडमध्ये जिगवर (नळ्या पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) बसवलेली अर्धी जोडलेली फ्रेम त्याच्या नजरेस पडते आणि तो विचारतो, "मग मी कोणती घेऊ?" त्या प्रश्नासाठी हे पत्रक. मापाच्या फ्रेमवर आम्हाला जास्त पैसे सुटतात. तरीही पहिलीच माउंटन बाइक घेणाऱ्याला आम्ही ती विकत नाही.

शिंप्याला तुमचं अंग मोजलं की पुरतं. फ्रेम बनवणाऱ्याला त्यासोबत तुमच्या तक्रारीही लागतात. चढावर पुढचं चाक उचलतं का, उतारावर हात भरून येतात का, कंबर कितव्या किलोमीटरला बोलायला लागते. वर्षभर सायकल दामटल्याशिवाय हे कळत नाही. ज्याच्याकडे तक्रारच नाही त्याच्यासाठी आम्ही वेगळं काय बनवणार?

हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबून धक्का झेलणारा भाग) आणि मागचा भाग सरळ, न हलणारा. मागे बेअरिंग नाहीत, शॉक नाही, त्यामुळे धूळ शिरून खराब होण्यासारखं फार काही उरत नाही. आपल्या विदर्भासाठी ही फार मोठी सोय आहे. मात्र सगळी भिस्त फ्रेमवर येते.

तयार फ्रेमला कमी लेखू नका

चांगल्या कंपनीची ॲल्युमिनियम फ्रेम साधारणपणे 6061 या मिश्रधातूची असते. वेल्डिंग झाल्यावर ती भट्टीतून काढलेली असते. आयएसओ 4210 या सायकल सुरक्षिततेच्या मानकाप्रमाणे तपासलेलं मॉडेल असेल, तर नमुना फ्रेमवर पेडलचा भार एक लाख वेळा टाकून पाहिलेला असतो. आमची मापाची फ्रेम अशा यंत्रावर चढत नाही. ती एकच असते, तिला मोडून कशी पाहणार? म्हणून आम्ही नळीची जाडी थोडी जास्त धरतो आणि प्रत्येक सांधा भिंगाखाली पाहतो. पण कारखान्यातली चाचणी ती चाचणीच, हे मान्य करायला हवं.

तयार फ्रेमची वॉरंटी असते, मागचा हँगर (गिअर बदलणारा भाग लटकतो ती पट्टी) वाकला तर दुसरा मिळतो आणि आज पैसे दिले की आजच सायकल घरी जाते. तुमची उंची 165 ते 180 सेंटिमीटरच्या दरम्यान असेल, हातपाय प्रमाणात असतील आणि फिरणं डांबरी, मुरमाचा रस्ता, वावराची वाट एवढंच असेल, तर तयार फ्रेमच घ्या. उरलेल्या पैशांत चांगला फोर्क आणि ट्यूबलेस टायर घ्या. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबलेसमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) हे फ्रेमपेक्षा जास्त वेळा तुमच्या उपयोगी पडेल. फक्त उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी हलवून पाहा.

ज्यांना ती बसत नाही

माझी स्वतःची उंची 188 सेंटिमीटर, त्यात पाय लांब आणि धड आखूड. पहिली सायकल घेताना जे माप मिळालं तेच घेतलं. सीट वर काढत काढत सीटपोस्टवरची (सीटच्या दांड्यावरची) याहून वर काढू नये अशी खूण केव्हा बाहेर आली ते ध्यानात आलं नाही. सात-आठ महिन्यांनी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मागून करकर ऐकू यायला लागली. उतरून फडक्याने पुसलं, तर सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) मिळतात तिथे रंगात केसाएवढी काळी रेघ होती. नख फिरवलं की अडकत होतं. घाई होती म्हणून ती फ्रेम एका वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतली. तीन आठवड्यांत जुन्या तड्याच्या शेजारी नवा तडा गेला.

त्या वेल्डरचा हात वाईट नव्हता. 6061 ॲल्युमिनियमची ताकद त्याला दिलेल्या उष्णतेच्या संस्कारात असते. आधी 530 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून झटकन थंड करायचं, मग 170 अंशांच्या आसपास काही तास शेकायचं. नुसतं वेल्ड केलं की सांध्याशेजारची पट्टी पुन्हा मऊ पडते आणि पुढचा तडा तिथेच जातो. तेव्हापासून ॲल्युमिनियमची तडकलेली फ्रेम आम्ही दुरुस्तीला घेत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

तेव्हा मापाची फ्रेम कोणासाठी? लांब पाय आणि आखूड धड, किंवा नेमकं उलटं. वजन 110 किलोच्या वर. पाठीचं किंवा मानेचं जुनं दुखणं. आणि 150 सेंटिमीटरच्या आतबाहेर उंची असलेल्या मुली आणि बायका, ज्यांचा बाजार फारसा विचारच करत नाही. त्यांना सगळ्यात लहान माप म्हणून जी सायकल दाखवतात तिच्यावर कित्येकदा 29 इंची चाक असतं. मग हँडल छातीशी येतं, वळताना बुटाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो आणि थांबल्यावर टॉप ट्यूबवर नीट उभं राहता येत नाही. अशा फ्रेमसाठी आम्ही 27.5 इंची चाक धरतो, टॉप ट्यूब खाली उतरवतो आणि क्रँक (पेडलचा दांडा) 155 किंवा 160 मिलिमीटरचा लावतो. अशी फ्रेम जोडायला आम्हाला फार समाधान वाटतं.

पण त्याआधी एक काम करा. आहे त्याच सायकलचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा), सीट आणि क्रँकची लांबी बदलून पाहा. बऱ्याच तक्रारी तेवढ्यावर मिटतात. हे बदल आम्ही दुकानात करून देतो आणि त्यानंतर निदान महिनाभर थांबायला सांगतो.

काळ्या मातीचा हिशेब

आमच्याकडे मापाची फ्रेम मागणाऱ्यांपैकी कितीतरी जण अंगाच्या मापासाठी नाही, मातीसाठी येतात. पहिल्या पावसानंतर पांदणीने पन्नास मीटर सायकल न्या. काळी माती टायरवर थरांवर थर चढवते, त्यात पऱ्हाटीच्या काड्या आणि वाळलेलं गवत गुंफलं जातं आणि तो सगळा गोळा बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरतो त्या भागाच्या) मागे, दोन चेनस्टेंच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांच्या) मध्ये जाऊन बसतो. मुरमाचे खडे असले की तो गोळा पॉलिश पेपरचं काम करतो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका फ्रेमवर आतल्या बाजूला आधी रंगाची, मग प्रायमरची आणि मधोमध चकचकीत धातूची अशी एकात एक अंडाकृती वलयं दिसत होती. बोट फिरवलं तर तिथे खोलगट लागत होतं. चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता, कारण वरून सायकल धुतलेली, नवीकोरी दिसत होती.

29 इंची, 2.4 इंच रुंदीचा टायर साधारण 61 मिलिमीटर भरतो. कित्येक तयार फ्रेममध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून जेवढी जागा उरते, तेवढी आम्ही एकेका बाजूला ठेवतो: 12 मिलिमीटर. ही जागा फुकट मिळत नाही. चेनस्टे 445 मिलिमीटरपर्यंत लांबवावा लागतो, त्यामुळे पुढचं चाक उचलून दगडावर चढवणं थोडं जड जातं. त्याच्या बदल्यात उभ्या चढावर सायकल शांत राहते. उड्या मारायच्या असतील त्यांनी हा सौदा करू नये. शेतरस्त्यांवर लांब फिरणाऱ्यांनी जरूर करावा.

खरं तेही सांगतो. पूर्ण भिजलेल्या काळ्या मातीत कितीही जागा ठेवली तरी चाक अडकतंच. तेव्हा सायकल खांद्यावर घ्यायची आणि धुऱ्याधुऱ्याने चालायचं. ही जास्तीची जागा कामी येते ती माती अर्धवट सुकल्यावर, पावसाच्या उघडिपीत.

पाण्याचंही तसंच. मे महिन्यात अकोल्याला आणि चंद्रपूरला पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि तयार हार्डटेलच्या लहान मापात अनेकदा एकाच बाटलीची सोय असते. आम्ही तीन बाटल्यांचे बॉस (बाटलीचा स्टँड बसवायचे आटे) बसवतो, तिसरा डाउन ट्यूबच्या (खालच्या तिरक्या नळीच्या) खाली.

कोन आणि फोर्क

हार्डटेलमध्ये बसल्यावर फक्त पुढचा भाग दबतो. 120 मिलिमीटर दबू शकणारा फोर्क तुमच्या वजनाने 30 मिलिमीटर खाली गेला, की हेड ट्यूबचा (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीचा) कोन सुमारे दीड अंशाने उभा होतो. कागदावर 66 अंश वाचून घेतलेली सायकल तुमच्याखाली साडेसदुसष्टची वागते. म्हणून आमचं रेखाटन फोर्क दबलेला धरूनच काढलेलं असतं आणि त्यासाठी तुमचं वजन पाठीवरच्या पिशवीसकट घेतो.

यातूनच एक इशारा. 100 मिलिमीटर फोर्कसाठी बनलेल्या तयार फ्रेमला 130 चा फोर्क लावू नका. हेड ट्यूबवर पडणारी तरफ वाढते, आणि वॉरंटीही जाऊ शकते. लांब फोर्क हवाच असेल तर तेच मापाची फ्रेम घेण्याचं कारण समजा.

आम्ही स्टीलच का वापरतो

4130 क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील. नळी टोकांना 0.9 आणि मध्ये 0.6 मिलिमीटर जाडीची, म्हणजे सांध्याशी ताकद आणि मधल्या भागात वजनाची बचत. जोडल्यावर तिला भट्टीत घालावं लागत नाही आणि दहा वर्षांनी तडा गेलाच तर नळी बदलता येते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत अर्धा-पाऊण किलो वजन जास्त भरतं, हे आधीच सांगून ठेवतो. टायटॅनियमला सांध्याच्या आतूनही आरगॉन वायू खेळवावा लागतो. ते काम आमच्याकडे होत नाही.

गंजाची भीती सगळ्यांना वाटते. इकडची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते, कोकणासारखी खारी नाही. बॉटम ब्रॅकेटखाली पाणी निघायला छिद्र ठेवतो आणि रंगकाम झाल्यावर नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवतो. ते सुकून आत पातळ पापुद्रा धरतं. जवस आपल्याच भागातलं पीक, बाटली कुठेही मिळते. दर दोन वर्षांनी घरीही करता येईल. सीटपोस्ट काढायचा, वाटीभर तेल ओतायचं, फ्रेम सगळीकडून कलती करायची आणि दोन-तीन दिवस टांगून ठेवायची.

बॉटम ब्रॅकेट आम्ही आट्यांचाच ठेवतो, दाबून बसवायचा नाही. धुळीत तो कमी कुरकुरतो आणि तालुक्याच्या गावीही बदलून मिळतो. केबलही बाहेरून, पूर्ण आवरणातून नेतो.

पैसे आणि वेळ

मापाची नुसती फ्रेम तेवढ्याला पडते, जेवढ्यात चांगली तयार सायकल चाकांसकट येते. रेखाटन तुम्ही सही करून मंजूर केल्यावर आठ ते दहा आठवडे लागतात. पावसाळ्यात रंगकाम रखडतं, तेव्हा दिवाळीत चालवायची असेल तर ऑर्डर जूनपर्यंत द्या. सहीनंतर माप बदलता येत नाही, कारण नळ्या कापून झालेल्या असतात. म्हणून रेखाटन घरी नेऊन आठवडाभर पाहा. रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यावर उभी रेघ धरली तर तिथून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. स्टॅक म्हणजे त्याच दोन जागांमधलं उभं अंतर. हे दोन आकडे तुमच्या सध्याच्या सायकलशी ताडून पाहिल्याशिवाय सही करू नका. ताडायला जमलं नाही तर आम्हाला सांगा, आम्ही पुन्हा समजावू.

माप द्यायला येताना

सकाळी या, निदान दोन तास हाताशी ठेवून. ज्या बुटांनी पेडल मारता तेच बूट घालून या. पायाच्या आतल्या बाजूचं माप अनवाणी, भिंतीला टेकून, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर दाबून घेतो. तेव्हा पॅन्ट सैल असू नये. दुखणं असेल तर डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगा. सध्याची सायकल सोबत आणा, आणि ती धुऊन आणू नका. माती कुठे साचली आहे आणि रंग कुठे घासला आहे, ते आम्हाला पाहायचं असतं.