सायकल सपाट जमिनीमुळे चालते?

‘नेदरलँड्सची जमीन सपाट, लोकांच्या रक्तातच सायकल, म्हणून तिथे गाडीवाचून भागतं,’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. जमीन सपाट आहे, पण खरं कारण ते नाही. तिथल्याच ग्रोनिंगन या मध्यम आकाराच्या शहराचा मुख्य चौकही सत्तरच्या दशकात मोटारींनी भरलेला असे. सप्टेंबर १९७७ मध्ये नगरपालिकेने शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. शेजारच्या भागात जायचं तरी मोटारीला थेट वाट नाही. आधी भोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यावर यायचं, वळसा घालायचा, मग पुन्हा आत शिरायचं. सायकलवाला आणि पादचारी मात्र सरळ जातात. दुकानदारांनी कडाडून विरोध केला, तरी योजना टिकली. जमीन तर त्याआधीही सपाटच होती! आपलं पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. तिथेही जमीन बदललेली नाही, रस्ते मात्र मोटारी-स्कूटरींच्या ताब्यात गेले.